कर्करोग, टी पेशी आणि नियामक प्रथिने : एका शोधाचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांच्या स्मृतीस प्रथम अभिवादन करतो. शाळेचे निमंत्रणपत्र मला मिळाले तेव्हा त्यासोबत विद्यार्थ्यांनी लिहिलेला एक कागद होता. गुरुजींचा अंत तोंडाच्या कर्करोगाने झाला, हे या मुलांना ठाऊक आहे. त्यांनी सरळ प्रश्न विचारला होता : ताप आला किंवा जखम झाली तर शरीर रोगाशी लढते आणि बरे होते, असे पुस्तकात लिहिले आहे, मग गुरुजींचे शरीर का लढले नाही?

मी ठरविलेला विषय बाजूला ठेवला आणि या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आज येथे आलो. उत्तर थोडक्यात असे आहे की, शरीर लढते. कर्करोगाच्या गाठीत शिरलेल्या लढवय्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसतात. परंतु त्या थकतात. आणि हा थकवा अन्नपाण्याच्या अभावाने येणाऱ्या थकव्यासारखा नसतो. पेशीच्या केंद्रकात बसलेली काही मोजकी प्रथिने पेशीला तसा हुकूम देत असतात. हे उत्तर मिळण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली. त्या वर्षांचा इतिहास मी आपणांपुढे ठेवणार आहे. त्यातील काही पाने न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस येथे लिहिली गेली, तर काही परळ, खारघर आणि पवई येथे. मराठी विद्यार्थ्याने ही दुसरी पाने अवश्य वाचली पाहिजेत.

परळचे स्मारक

आरंभ मुंबईपासूनच करू. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पुढल्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी टाटा हेही निवर्तले. त्यांच्या न्यासाने मुंबईस परळ येथे कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय उभारले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. टाटा मेमोरियल हे त्याचे नावच सांगते की, ती वास्तू एक स्मारक आहे. आपणही आज एका स्मरणासाठी जमलो आहोत, म्हणून हा योग मुद्दाम सांगतो.

या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. हे गोमंतकीय घराण्यातले; लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्राचे शिक्षण घेऊन आलेले. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. भारतात विकृतिशास्त्र आणि कर्करोग-संशोधन यांचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. १९४४ साली त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत क्वचित आढळणारा हा रोग आपल्याकडे इतका का, आणि तो तोंडातील अमुक जागीच का होतो, याचा शोध घेताना त्यांची दृष्टी लोकांच्या सवयींकडे वळली. पान, सुपारी, चुना आणि तंबाखू यांचा तोबरा गालात जेथे धरून ठेवतात, त्या जागेचा आणि रोगाच्या जागेचा मेळ बसत होता. रुग्णाची जात, प्रांत, आहार, व्यसन यांची नोंद हाही वैद्यकशास्त्राचाच भाग आहे, ही शिस्त खानोलकरांनी आपल्या देशात रुजविली.

१९५२ साली परळलाच ‘इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर’ ही संशोधनसंस्था खानोलकरांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाली. तेथे ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर काचपात्रात पेशी जिवंत ठेवून वाढविण्याची, प्रयोगशाळा उभी केली ती डॉ. कमल रणदिवे यांनी. कमलताई मूळच्या समर्थ. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात त्यांचा जन्म झाला. हुजूरपागा आणि फर्ग्युसन महाविद्यालय येथे शिक्षण झाले आणि १९४९ साली खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. मानवी कर्करोगाच्या पेशी काचपात्रात अखंड वाढत ठेवण्याची किमया ज्या प्रयोगशाळेने जगाला दाखविली, तीच ही प्रयोगशाळा. तेथील विद्या घेऊन त्या मायदेशी परतल्या. १९७३ साली भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांची संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाचा प्रश्न हाती घेतला. २००१ साली त्यांचे निधन झाले.

काचपात्रात पेशी वाढविण्याची ही विद्या तेव्हा कर्करोगाचे स्वरूप जाणण्यासाठी होती. पुढे तिच्यातूनच रुग्णाच्या लढवय्या पेशी बाहेर काढून, वाढवून, त्यालाच परत देण्याचा मार्ग निघेल, याची कल्पना त्या काळी कोणास असणार? पण तो मार्ग निघण्यापूर्वी लढवय्या पेशी कोणत्या, हे तर समजले पाहिजे होते. ते समजले परदेशात. म्हणून आता थोडा वेळ मुंबई सोडू.

१९६१ : दोन शहरांतील दोन शोध

शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगावर वापरता येईल, ही कल्पना तशी जुनी. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी १८९१ साली एका रुग्णाच्या गाठीत मुद्दाम जंतू टोचले होते. जंतुसंसर्गाने ताप आलेल्या काही रुग्णांच्या गाठी विरल्याची उदाहरणे त्यांच्या पाहण्यात आली होती. काही रुग्णांत गुण आला, पुष्कळांत आला नाही, आणि का आला हे तर मुळीच सांगता येईना. क्ष-किरणांचे उपचार आल्यावर कोलींची पद्धत मागे पडली. कार्यकारणभाव ठाऊक नसला की यश हाती येऊनही टिकत नाही, हा या प्रसंगाचा धडा होय.

कार्यकारणाचा पहिला धागा १९६१ साली लंडनमध्ये सापडला. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. ती लहानपणी मोठी असते आणि वयाबरोबर आक्रसत जाते. तिचा काही उपयोग नाही, असेच बहुतेकांचे मत होते. जाक मिलर या तरुण संशोधकाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढून टाकली. ते उंदीर पुढे किरकोळ संसर्गालाही बळी पडू लागले आणि दुसऱ्या उंदराची कातडी लावली तरी ती त्यांचे शरीर नाकारीना. याचा अर्थ, आपले कोण आणि परके कोण हे ओळखणाऱ्या पेशी या ग्रंथीत तयार होत होत्या. थायमसच्या आद्याक्षरावरून त्यांना ‘टी पेशी’ हे नाव मिळाले. या पेशी रक्तातून आणि लसीकाग्रंथींतून फिरत असतात. दुसऱ्या पेशीला स्पर्श करून ती निरोगी आहे की बिघडलेली हे तपासतात. आणि बिघडलेली पेशी आढळली तर तिला मारतात.

त्याच १९६१ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रांस्वा जाकॉब आणि जाक मोनो यांनी एक वेगळाच प्रश्न सोडविला. आतड्यातील एक साधा जीवाणू दुधातील साखर समोर आली की ती पचविणारे प्रथिन तयार करतो. साखर नसली की तयार करीत नाही. जनुक तर दोन्ही वेळा तेच. मग हे कोण ठरविते? त्यांनी दाखविले की, जनुकाच्या तोंडाशी बसून ते बंद ठेवणारा एक घटक असतो, आणि साखर आली की तो दूर होतो. १९६५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे मानवी पेशींतही अशीच प्रथिने आढळली. काही जनुके उघडणारी, काही मिटणारी. शास्त्राच्या परिभाषेत त्यांना ‘प्रतिलेखन घटक’ अथवा ‘ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर’ म्हणतात. जनुकातील मजकुराची नक्कल, म्हणजे प्रतिलेखन, त्यांच्या संमतीने होते, म्हणून हे नाव. मी आज त्यांना ‘नियामक प्रथिने’ म्हणेन.

दिग्गीच्या लोकांना हे समजावून सांगणे कठीण नाही. काळी नदीचा उगम आपल्याच डोंगरात आहे. हे पाणी सुपे धरणात अडते, पुढे दुसऱ्या धरणांत जाते, आणि अखेर कारवारजवळ समुद्राला मिळते. पाणी एकच आहे. कोणता दरवाजा कधी आणि किती उघडावयाचा, यावर कोठे वीज होईल आणि कोठे पात्र कोरडे राहील हे ठरते. आपल्या डोळ्यातील पेशी आणि यकृतातील पेशी यांच्या केंद्रकात जनुकांचा साठा जवळजवळ सारखाच असतो. भेद पडतो तो दरवाजांवर कोण बसले आहे यामुळे.

लंडन आणि पॅरिस येथील हे दोन शोध परस्परांपासून दूर होते. त्यांचे नाते त्या वर्षी कोणाच्या ध्यानात येणे शक्य नव्हते. टी पेशीच्या केंद्रकातील दरवाजांवर कोण बसले आहे, हा प्रश्न विचारला जाण्यास आणखी पंचवीस वर्षे जावी लागली.

एका बुरशीने दाखविलेली वाट

तो प्रश्न पुढे आला कर्करोगामुळे नव्हे, तर अवयवरोपणामुळे. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविले की टी पेशी ते परके म्हणून नष्ट करू पाहतात. नॉर्वेतील मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून मिळालेले सायक्लोस्पोरिन हे औषध टी पेशींचा हा हल्ला थांबविते, असे १९७० च्या दशकात आढळले, आणि अवयवरोपणाचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. औषध उपयोगी होते; पण ते पेशीच्या आत नेमके काय करते?

१९८८ साली अमेरिकेत जेराल्ड क्रॅबट्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टी पेशी जागृत झाल्यावरच केंद्रकात दिसणाऱ्या एका नियामक प्रथिनाचा माग काढला. त्याला ‘एनफॅट’ असे नाव पडले. १९९३ साली हार्वर्ड येथे काम करणाऱ्या अंजना राव यांच्या गटाने ते प्रथिन वेगळे करून त्याचे जनुक ओळखले. राव या भारतीय वंशाच्या. उस्मानिया विद्यापीठाच्या विद्यार्थिनी. दरम्यान १९९१ साली सायक्लोस्पोरिनचे लक्ष्यही सापडले होते. या सर्व धाग्यांतून जे चित्र उभे राहिले ते असे :

टी पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला शत्रूची खूण पटली की पेशीच्या आत कॅल्शियमचे प्रमाण एकाएकी वाढते. आपण पानाला जो चुना लावतो त्यातलेच हे मूलद्रव्य. कॅल्शियमच्या या लाटेने कॅल्सिन्युरिन नावाचे विकर जागे होते. एनफॅट प्रथिन तोवर केंद्रकाबाहेर, फॉस्फेटच्या कड्यांनी बांधल्यासारखे, पडून असते. विकर त्या कड्या तोडते आणि मोकळे झालेले एनफॅट केंद्रकात शिरते. सायक्लोस्पोरिन या विकरालाच अडविते. मग एनफॅट बाहेरच राहते, आणि पेशीला शत्रू दिसूनही ती हालचाल करीत नाही.

पण एनफॅट एकट्याने लढाईचा हुकूम देऊ शकत नाही. त्याला जोडीदार लागतो. ‘एपी-१’ हा तो जोडीदार. तो स्वतः फॉस आणि जून या दोन प्रथिनांचा मिळून बनतो. धोका खरा आहे अशी दुसरी, स्वतंत्र खूण पेशीला मिळाली तरच हा जोडीदार पुरेशा प्रमाणात तयार होतो. दोघे शेजारी शेजारी बसले की लढाईची जनुके उघडतात. पेशी दुणावत जाते, मारक द्रव्ये तयार करते.

जोडीदार नसताना एनफॅट एकटेच केंद्रकात गेले तर काय होते? २००२ साली राव यांच्या गटाने दाखविले की, तेव्हाही जनुके उघडतात, पण वेगळी. पेशीला निष्क्रिय करणारी. एकाच नियामकाचा हुकूम सोबत्याच्या असण्यानसण्याने उलटा होतो. या लहानशा शोधात मुलांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

त्याच सुमारास टी पेशींच्या निरनिराळ्या वृत्तींचे निरनिराळे नियामक सापडत गेले. २००० साली ‘टी-बेट’ हे आक्रमक वृत्तीचे नियामक ओळखले गेले. टी पेशींतील एक वर्ग इतरांना आवरण्याचे काम करतो. त्याचे नियामक ‘फॉक्स-पी-३’ होय, हे २००३ साली सिद्ध झाले. हा वर्ग नसता तर शरीराने स्वतःवरच हल्ला केला असता. परंतु कर्करोगाच्या गाठीत तोच वर्ग जमून रोगाला संरक्षण देतो. मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक याच शोधमालिकेबद्दल मिळाले.

थकव्याचा हुकूम

आता उरलेल्या अर्ध्या उत्तराकडे वळू. १९९८ साली रफी अहमद या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांतील एका चिवट विषाणुसंसर्गाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अहमद हेही उस्मानिया विद्यापीठाचेच विद्यार्थी. विषाणू शरीरातून न गेल्यास त्याच्यावर नेमलेल्या टी पेशी नष्टच होतात असे नाही. त्या तेथेच असतात, पण लढण्याचे एकेक कसब गमावून बसतात. या अवस्थेला ‘टी पेशींचा थकवा’ असे नाव मिळाले. पुढे कर्करोगाच्या गाठीतही हुबेहूब तीच अवस्था आढळली. मारेकरी पेशी गाठीत पोहोचलेल्या असतात, शत्रूला ओळखतात, आणि तरीही हात उचलत नाहीत.

अशा पेशींच्या पृष्ठभागावर ‘पीडी-१’ नावाचे रोधक प्रथिन मोठ्या प्रमाणात असते. ते १९९२ साली जपानमध्ये तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडले होते. अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी ‘सीटीएलए-४’ या दुसऱ्या रोधकाला अडवून उंदरांतील गाठी बऱ्या केल्या, ते १९९६ साली. या रोधकांना अडविणारी औषधे २०११ पासून रुग्णांस मिळू लागली आणि २०१८ साली ॲलिसन व होंजो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पूर्वी ज्यांची आशा सोडली जात असे, असे काही रुग्ण या औषधांनी वर्षानुवर्षे जगले. परंतु हे भाग्य सर्वांच्या वाट्याला आले नाही. पुष्कळांना गुण येत नाही, काहींना आलेला टिकत नाही.

का टिकत नाही, याचा शोध घेताना संशोधक पृष्ठभागावरून पुन्हा केंद्रकात आले. टी पेशीला शत्रूची खूण दिवसामागून दिवस, महिन्यामागून महिने मिळत राहिली की एनफॅट वारंवार केंद्रकात जाते. एपी-१ मात्र त्या मानाने अपुरे पडते. मग एकटे पडलेले एनफॅट ‘टॉक्स’ आणि ‘एनआर-४-ए’ या गटांतील नियामकांना जागे करते. २०१९ साली जगातील अनेक प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी दाखविले की, थकव्याचा सगळा कार्यक्रम टॉक्स राबविते. लढाईच्या जनुकांचे दरवाजे मिटतात, रोधकांचे उघडतात; आणि डीएनएची गुंडाळीच अशी बदलते की पुढे औषधाने रोधक अडविला तरी बंद झालेले दरवाजे पुरतेपणी उघडत नाहीत.

येथे कोणी म्हणेल, टॉक्सच काढून टाकावे. तोही प्रयोग झाला. टॉक्स नसलेल्या पेशी थकल्या नाहीत, पण फार काळ जगल्याही नाहीत. अखंड चेतनेने त्या संपून गेल्या. म्हणजे थकवा हा नुसता दोष नाही. निसर्गाने पेशीला, आणि तिच्या माऱ्यापासून शरीरालाही, वाचविण्यासाठी योजलेली ती एक तडजोड आहे. कर्करोग त्या तडजोडीचा फायदा उठवितो.

मात्र सर्वच पेशी सारख्या थकत नाहीत. २०१६ साली असे आढळले की, त्यांतील थोड्या पेशी ‘टीसीएफ-१’ हे नियामक जपून असतात. या पेशी राखीव बियाण्यासारख्या होत. आपल्या जोयडा तालुक्यात कंदांची लागवड करणारा कुणबी शेतकरी सगळे कंद खाऊन संपवीत नाही. पुढल्या पावसासाठी काही बाजूला ठेवतो. रोधक अडविणाऱ्या औषधाने जी नवी फौज उभी राहते, ती या राखीव पेशींतूनच. पुरत्या थकलेल्या पेशींतून नव्हे. औषधाचा गुण कोणाला येतो आणि कोणाला येत नाही, याचे निदान एक कारण येथे सापडले.

खारघर आणि पवई

आता मुंबईकडे परतू. १९६२ साली टाटा मेमोरियल अणुऊर्जा विभागाकडे आले, १९६६ साली रुग्णालय आणि संशोधनसंस्था एकत्र झाल्या, आणि २००२ साली संशोधनाचा मोठा भाग नवी मुंबईत खारघर येथे, ‘ॲक्ट्रेक’ या संस्थेत गेला. खानोलकरांनी जो तोंडाचा कर्करोग प्रथम मोजला, त्याच रोगातील टी पेशींचा अभ्यास डॉ. शुभदा चिपळूणकर यांनी येथे अनेक वर्षे केला. टी पेशींत ‘गॅमा-डेल्टा’ नावाचा एक अल्पसंख्य वर्ग असतो. तोंडाच्या गाठीवरील एक विशिष्ट प्रथिन हा वर्ग ओळखतो, हे त्यांच्या गटाने १९९९ साली प्रसिद्ध केले. पुढे २०१४ साली याच वर्गातील ‘नॉच’ या प्रथिनाचे कार्य त्यांनी उलगडले. नॉचची रीत न्यारी आहे. ते पेशीच्या पृष्ठभागावर असते. खूण मिळाली की त्याचा आतला तुकडा तुटतो आणि निरोप दुसऱ्याच्या हाती न देता स्वतःच केंद्रकात जाऊन नियामकाशी हातमिळवणी करतो. नॉचला अडविले असता या पेशींची वाढ आणि मारकशक्ती दोन्ही घटतात, असे त्यांच्या गटाला आढळले. डॉ. चिपळूणकर यांनी पुढे ॲक्ट्रेकचे संचालकपदही भूषविले.

दुसरे पान पवईचे. रुग्णाच्या रक्तातून टी पेशी काढावयाच्या, त्यांत एक नवे जनुक घालून त्यांना कर्करोगाची खूण ओळखणारी कृत्रिम ग्राही द्यावयाची, त्या काचपात्रात वाढवावयाच्या आणि रुग्णाला परत द्यावयाच्या; या उपचाराला ‘कार-टी’ म्हणतात. अमेरिकेत त्याला २०१७ साली मान्यता मिळाली, पण खर्च तीन-चार कोटी रुपयांच्या घरात. मुंबईच्या आयआयटीत प्रा. राहुल पुरवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर हा उपचार येथेच घडविला. ४ जून २०२१ रोजी खारघरला पहिल्या रुग्णाला या पेशी देण्यात आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार-१९’ या नावाने त्याला सरकारी मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवई येथे तो राष्ट्राला अर्पण केला. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उपचाराचा परिणाम तपासता आला त्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्के जणांना गुण आला. हे सर्व रुग्ण बी पेशींच्या रक्तकर्करोगाचे आणि लसीकार्बुदाचे होते. आणि इतर उपचार हरल्यानंतर आलेले होते. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्याच कर्करोगाने गेल्या. त्यांच्या स्मारकातून वाढलेल्या संस्थेत नव्वद वर्षांनी हा उपचार झाला, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवून ठेवावी.

मुलांच्या प्रश्नाचे उत्तर

पण मुलांनी विचारले आहे ते रक्ताच्या कर्करोगाविषयी नव्हे, तोंडाच्या कर्करोगाविषयी. येथे मला स्पष्ट बोलले पाहिजे. रक्तातील कर्करोगपेशी टी पेशींना सहज गाठता येते. घन गाठीत मात्र वाट अवघड, प्राणवायू कमी, आवरणाऱ्या पेशींचा पहारा, आणि शत्रूची खूण अखंड समोर. तेथे कार-टी पेशीही थकतात. आणि त्यांना थकविणारी नियामक प्रथिने तीच, ज्यांची नावे मी आताच घेतली. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांचे लक्ष आज केंद्रकाकडे लागले आहे. २०१९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्रिस्टल मॅकॉल यांच्या गटाने कार-टी पेशींत ‘जून’ हे प्रथिन जादा तयार होईल अशी व्यवस्था केली. एनफॅटला हरवलेला जोडीदार परत मिळाला आणि उंदरांतील प्रयोगांत त्या पेशी अधिक काळ लढत राहिल्या. २०२४ साली अमेरिकेत घन गाठींसाठीही टी पेशींचे दोन उपचार मान्य झाले. एक त्वचेच्या एका कर्करोगासाठी, एक मृदू ऊतींच्या एका दुर्मिळ कर्करोगासाठी. तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाला मात्र या घडीला मुख्य आधार शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे यांचाच आहे. रोधक अडविणारी औषधे काहींना उपयोगी पडतात, पण ती महाग आहेत.

आणि महाग म्हणजे काय, हे या गावाला सांगावयास नको. नेक्सकार-१९ परदेशी उपचाराच्या सुमारे दशांश किमतीत मिळू लागला, तरी ती किंमतही चाळीस लाखांच्या आसपास होती. जंगलातून आणि घाटातून वाट काढीत बेळगाव, हुबळी अथवा गोवा गाठणाऱ्या घराला तो आकडा काय सांगणार? शोध लागणे हे इतिहासाचे एक पाऊल. तो शेवटच्या गावापर्यंत पोहोचणे हे दुसरे, आणि ते अद्याप पडावयाचे आहे.

म्हणून मुलांनो, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे : गुरुजींचे शरीर लढले. पेशींनी शत्रू ओळखला होता, त्या त्याच्यापर्यंत गेल्याही होत्या. दीर्घ लढाईत त्यांच्या केंद्रकातील दरवाजे एकेक करून मिटत गेले. ते पुन्हा कसे उघडावेत, हे शिकण्याचे काम चालू आहे. पूर्ण झालेले नाही. तुमच्यापैकी कोणी ते पुढे नेईल, अशी आशा मी बाळगली तर ती अस्थानी ठरू नये.

तोवर जे काम विज्ञानाने केव्हाच पूर्ण केले आहे, ते आपल्या हाती आहे. खानोलकरांनी १९४४ साली ज्या तोबऱ्याकडे बोट दाखविले, त्यातील तंबाखू तर कर्करोगकारक आहेच. पण तंबाखूविना नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नमूद केले. सुपारीच्या बागा असलेल्या या जिल्ह्यात हे बोलणे कटू वाटेल, याची मला जाणीव आहे. परंतु तोंडात न भरणारा व्रण, पांढरा अथवा लाल चट्टा, तोंड पुरते न उघडणे, यांपैकी काहीही दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर डॉक्टरांना दाखवावे, हे सांगितल्यावाचून मला हे व्याख्यान संपविता येणार नाही. रोग लवकर हाती लागला तर तोंडाचा कर्करोग शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. तेव्हा थकलेल्या पेशींना पुन्हा उभे करण्याची वेळच येत नाही.

परळच्या स्मारकाचा उपयोग असा की, त्याने एका दुःखातून प्रश्न निर्माण केला आणि तो प्रश्न पिढ्यान् पिढ्या सोडला नाही. आपल्या शाळेच्या या व्याख्यानमालेचाही उपयोग तसाच व्हावा. पुढील वर्षी येणाऱ्या वक्त्याला विद्यार्थ्यांनी असाच एक कागद अगोदर पाठवावा, एवढी विनंती करतो.